असू दे, लागेल!

श्रीमंताचा प्रवास आणि काटकसरी माणसाचा प्रवास यांतील भेद तिकिटाच्या दर्जावरून ओळखावा, असा सर्वसाधारण समज असला तरी माझ्या मते तो सामानाच्या वजनावरून अधिक अचूक ओळखता येतो. कारण ज्याच्या खिशात पैसा खुळखुळतो तो हवी ती वस्तू हव्या त्या गावी विकत घेतो आणि म्हणून रिकाम्या हाताने हिंडतो, उलट ज्याला वाटेत दमडीही मोडावयाची नसते त्याला घरातली प्रत्येक दमडीची वस्तू पाठीवर घेऊनच उंबरठा ओलांडावा लागतो.

केदारनाथास अत्यल्प खर्चात जाऊन येण्याची मसलत आमच्याकडे ठरली, तेव्हा सामानाची मुखत्यारी साहजिकच आमच्या मेहुण्यांकडे गेली. उभी हयात हिशेबखात्यात काढलेल्या या गृहस्थांनी तत्काळ एक फेरिस्त आखली आणि तीत 'अत्यावश्यक', 'आवश्यक' व 'असू द्यावे' अशी तीन सदरे पाडली. पहिली दोन सदरे अर्ध्या पानात आटोपली, तिसऱ्याला मात्र पुरवण्या जोडाव्या लागल्या, कारण कोणतीही वस्तू वगळण्याची दरखास्त आली की आमच्या आत्याबाई "असू दे रे, लागेल!" असा हुकूम सोडीत, आणि त्या हुकुमावर अपील नसे. त्यातच रेल्वेच्या शयनयानात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, असे मेहुण्यांच्या वाचनात आले. ही मर्यादा नसून प्रवाशाचा हक्क आहे आणि तो पुरता न बजावणे म्हणजे सरकारला फुकट सवलत देणे होय, अशा बाण्याने ते सामान भरू लागले.

सह्याद्रीत हिंडून तयार झालेल्या आमच्या भाच्याने तेवढ्यात सॅकचे शास्त्र सांगून पाहिले. झोपण्याची पिशवी तळाशी, जड वस्तू मध्यावर पाठीच्या कण्यालगत, वरचेवर लागणाऱ्या वस्तू माथ्याच्या कप्प्यात. कमरेचा पट्टा आवळला म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. आणि चढावर आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये. पावसासाठी सॅकला बाहेरून बुरखा असतो खरा, पण पाणी पाठीकडून झिरपतेच, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरून मगच कपडे भरावेत, हेही त्याने बजावले. भिजलेले जाड सुती कापड लवकर वाळत नाही आणि थंडीत अंगातली ऊब शोषून घेते, या कारणास्तव त्याने मेहुण्यांची जाड जीनची विजार फेरिस्तीतून हद्दपार केली. हा त्याचा एकमेव विजय.

पंच्याविषयी मात्र आमच्यात मतभेद नव्हता. केसाळ टॉवेल ही मला तरी प्रवासाच्या दृष्टीने निव्वळ ऐट वाटते. एकदा भिजला की रात्रभर ओलसर राहून तो सकाळी शेजारच्या कपड्यांनाही आपला वास वाटून देतो. पंचा घटकाभरात वाळतो, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, बोचऱ्या वाऱ्यात कानांवरून बांधता येतो, दशम्यांचे वेष्टन होतो, आणि गर्दीच्या गाडीत खिडकीतून बाकावर टाकला असता त्यास खरेदीखताचे मोल येते. त्याच्या खालोखाल मान सुतळीच्या गुंड्याला आणि धर्मशाळेच्या कडीला लावावयाच्या स्वतःच्या कुलपाला. हेच कुलूप साखळीसह गाडीत खालच्या बाकाखालच्या कडीशी सॅक जखडण्यासही उपयोगी पडते.

खरा पेच पडला तो कुकरचा. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळू लागते आणि उघड्या पातेल्यातील डाळ तासन्‌तास खदखदूनही टणकच राहते. आत्याबाईंनी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, परंतु 'वर डाळ शिजत नाही' ही वार्ता त्यांना शेजारणीकडून पोहोचली होती. आणि कुकरला हसणाऱ्या भाच्यास, विज्ञान या प्रकरणी आत्याबाईंच्याच पक्षात आहे, हे खाली मान घालून कबूल करावे लागले. रॉकेल आणि गॅस यांना रेल्वेत मज्जाव असल्याने कुकर निघाला तो विस्तवावाचून. "विस्तव काय, कोणीही देईल," असे म्हणून आत्याबाईंनी त्यात मेतकुटाचा डबा बसवला.

हरिद्वार, देवप्रयाग, रुद्रप्रयाग असे टप्पे बसच्या टपावरून सुखाने ओलांडलेले हे सामान गौरीकुंडास प्रथमच आमच्या पाठींवर आले. २०१३ च्या प्रलयात जुनी वाट वाहून गेल्यापासून पुढची चढण सुमारे १६ किलोमीटरांची झाली आहे. तिच्या पहिल्याच वळणावर मेहुणे एका दगडावर बसले आणि त्यांनी गंभीरपणे पिट्ठूवाल्यास हाक मारली. त्याने सॅक उचलून पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि जी मजुरी सांगितली ती तिसऱ्या सदरातील एकूण वस्तूंच्या बाजारभावाहून अधिक भरली.

वर पोहोचलो तेव्हा ढाब्याढाब्यांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आम्ही ज्याच्याकडे विस्तव मागितला त्या ढाबेवाल्याने आमच्या कुकराकडे अपार करुणेने पाहिले आणि आपल्या कुकरातली डाळ आम्हांस वाढली. आत्याबाईंनी तीवर मेतकूट घालून ती सुधारून घेतली. रात्री रजईत बसून मेहुण्यांनी जमाखर्च लिहिला. पिट्ठूवाल्याची मजुरी त्यांनी 'दानधर्म' या सदरी टाकली, आणि त्यामुळे प्रवासखर्चाची बेरीज मंजूर अंदाजाच्या आतच राहिली.