फुकट फौजदार

शेजारच्या चिरंजीवांनी लॅपटॉपवरून विंडोज हाकलून आर्च लिनक्स बसवलं. तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर वाय-फाय रुसतं आणि चिरंजीव खुशीत येतात, कारण रात्रभर काळ्या खिडकीत कमांड ठोकायला निमित्त मिळतं. आईने गॅसचा नंबर लावायला सांगितलं की ‘नंतर’. पण कुण्या अनोळखी परदेशी गृहस्थाने मध्यरात्री ह्यांनी फुकट वाटलेल्या कोडमधला बग दाखवला, की स्वारी ताडकन उठून बसते. मिळतं काय? लॅपटॉपवर डकवायला स्टिकर.

हसू नका. 2016 साली एका तरुणाने चिडून असाच फुकट वाटलेला आपला अकरा ओळींचा ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा कोड काढून घेतला आणि जगभरातले मोठमोठे प्रकल्प अडून बसले. 2021च्या डिसेंबरात ‘लॉग4जे’ ह्या फुकट सॉफ्टवेअरमधलं भगदाड उघडकीस आलं, तेव्हा ते बुजवायला मूठभर स्वयंसेवक झोप मोडून बसले होते, वर बोलणीही त्यांनीच खाल्ली. कोट्यवधी कमावणाऱ्या कंपन्यांनी मात्र ‘लवकर करा’ एवढा मोलाचा हातभार लावला.

उद्या स्थळ सांगून आलं, तर वडील बेलाशक सांगतील, “मुलगा बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो.” त्यात खोटं काही नसेल. फक्त बँकांना ते ठाऊक नसेल.