येझदीचे फडणीस

साताऱ्याच्या पेठांतून रविवारी सकाळी हिंडणाऱ्यास, एखाद्या जुन्या घराच्या चौकात गोणपाटावर मांडी ठोकून, म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडण्यापूर्वी कधीतरी बाहेर पडलेल्या येझदीचे अंतरंग उकलीत बसलेला जो सेवानिवृत्त गृहस्थ हमखास दिसतो, त्यास मेस्त्री समजणे हा त्याच्यावर अन्याय होय. तो फडणीस आहे. आडनाव काहीही असो, हा त्याचा स्वभावसिद्ध हुद्दा. सातारचे राज्य 1848 साली खालसा झाले, पण दप्तर खालसा झाले नाही; ते नट, बोल्ट आणि वायसर यांच्या रूपाने या चौकात अव्याहत चालू आहे.

सामान्य मनुष्य गाडी खोलतो ती दुरुस्त व्हावी म्हणून; फडणीस खोलतात ते सुट्या भागांची नोंद व्हावी म्हणून. कार्ब्युरेटरची सुई हाती येताच, ती पुसण्यापूर्वी, तिची क्लिप वरून कितव्या खाचेत होती हे रोजकीर्दीत चढते. क्लचचे वायसर ज्या क्रमाने उतरले त्याच क्रमाने तांब्याच्या तारेत ओवले जाऊन तारेला गाठ पडते. आणि पिस्टनच्या पिनेची सरक्लिप काढण्याचा प्रसंग आला म्हणजे तर, ही क्षुद्र वस्तू पक्कडीतून निसटून एकतर इंजिनाच्या पोटात तरी उतरते किंवा तुळशीवृंदावनामागे फरारी तरी होते हा पूर्वेतिहास ध्यानी घेऊन, इंजिनाच्या तोंडात फडके कोंबले जाते, चौकाभोवती जुनी धोतरे ताणून नाकेबंदी होते आणि घरातील माणसांची ये-जा तहकूब ठेवण्यात येते.

परंतु या फडणिशीचा खरा आधार म्हणजे मोती चौकातून आणलेल्या कंदी पेढ्यांचे पुठ्ठ्याचे खोके. इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू दिसावयास सख्खे भाऊ, पण लांबीने निरनिराळे; लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर ॲल्युमिनियमची केसिंग तडकते, आखूड लांबाच्या जागी बसविला तर दोनच आट्यांवर लटकतो आणि आवळताना ते आटेही घेऊन बाहेर येतो. म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाचा नकाशा रेखून, जागोजागी भोके पाडून, ज्याचा त्याचा स्क्रू ज्याच्या त्याच्या स्थानी खोवून ठेवावयाचा, ही युक्ती मात्र, थट्टा बाजूस ठेवून सांगतो, बावनकशी आहे. अडचण एवढीच, की खोके हवे तर पेढे घ्यावे लागतात, आणि डॉक्टरांनी साखर वर्ज्य केलेली असल्यामुळे ते आळीत वाटावे लागतात. परिणामी इकडे क्लच उघडला, की तिकडून शेजारीपाजारी मुलाला नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन करावयास येतात, आणि तो मुलगा मागील दाराने पसार होतो.

फडणिसांचे मेहुणे सांगलीचे. त्यांच्या पद्धतीत अख्खी मोटारसायकल रॉकेलच्या एका बादलीत मावते. याला अव्यवस्था म्हणण्याचा मोह आवरावा. कारण आयर्विन पुलाशी कृष्णा 40 फुटांची इशारापातळी ओलांडून 45 च्या धोक्याच्या खुणेकडे निघाली, की बादलीची कडी धरून माडी गाठता येते. 2019 साली नदी 57 फुटांपलीकडे गेली, त्या पाण्यात पुठ्ठ्याच्या दप्तराची काय पत्रास राहिली असती?

भाऊबिजेस हे मेहुणे आले, ते ब्रेकच्या दांडीची स्प्लिट पिन पेठ नाक्याच्या आसपास गळाल्यामुळे तिच्या जागी तार पिळून.

“दाजी, ही तुमची गाडी चालू कधी व्हायची ओ?”

“रुजवात झाल्यावर.”

“बरं, एक स्प्लिट पिन द्या की. तुमच्याकडं ढिगानं असतील.”

“ढिगाने नाहीत, नोंदीने आहेत,” फडणीस म्हणाले. “लेखी मागणी द्या, पाहुणे.”

मेहुण्यांनी कागदासाठी चहूकडे नजर टाकली. कागद असा एकच होता आणि त्यात फडणीस नोंद करीत होते. तेव्हा त्यांनी समोरचा पुठ्ठा उचलला, लिहिण्यास अडथळा नको म्हणून त्यातले स्क्रू एकेक उपटून मुठीत घेतले, पाठीमागल्या कोऱ्या बाजूवर तारीख, मजकूर व सही असा रीतसर अर्ज लिहिला आणि दाजींच्या पुढ्यात ठेवला. अर्जात नामंजूर करण्याजोगे काहीही नव्हते.