गंजाचा वैरी

रत्नागिरीत नवी गाडी घेतलेला माणूस आधी देवळात जातो आणि मग नानांकडे. देवळात नारळ फुटतो, नानांकडे घाम. बॉनेटवरचा हार, सीटवरचं प्लास्टिक, मालकाचा फुललेला चेहरा यांतल्या कशाकडेही नाना ढुंकून बघत नाहीत. लेंगा गुडघ्यापर्यंत सारून ते उकिडवे बसतात, दाराच्या खालच्या कडेवर बोटाचं पेर दोनदा वाजवतात, कान देतात आणि सांगतात, "इथून लागणार."

"काय लागणार, नाना?"

"गंज. दोन पावसाळे. फार तर तीन."

एवढं सांगून ते चहाला बोलावतात, पण तो चहा कोणाच्या घशाखाली उतरत नाही.

समुद्राकाठच्या प्रत्येक गावात असा एक माणूस सापडतो. बाकीचे लोक खारं वारं सोसतात. खिडकीचे गज बदलतात, कडी-कोयंड्याला तेल घालतात, न्हाणीघरात सिलिंडर ठेवल्याने पडलेलं तांबडं वर्तुळ घासतात, नि ते जात नाही म्हणून त्यावर बादली ठेवून मोकळे होतात. या माणसाला मात्र तो व्यक्तिगत अपमान वाटतो. नानांची सारी हयात एका सहकारी संस्थेच्या हिशेब खात्यात गेली. दुसऱ्यांच्या टेबल-खुर्च्यांवर, पंख्यांवर, ट्रकांवर दरसाल घसारा लिहिणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या मारुती ८०० वर तो आजतागायत मंजूर केलेला नाही.

नानांचं गंजाविषयीचं ज्ञान कच्चं आहे असं मात्र कोणी समजू नये. ओट्यावर बसल्याबसल्या ते समजावून सांगतात, आणि बरोबर सांगतात. पत्र्यावर पाण्याचा थेंब बसला की त्याखालचं एक ठिकाण इलेक्ट्रॉन सोडतं, दुसरं ते घेतं, आणि तिथल्या तिथे एक चिमुकली बॅटरी सुरू होते. हवेतला प्राणवायू आहेच. त्यात मीठ पडलं की पाण्यातून वीज आणखी सुखाने वाहते. शिवाय मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पत्रा वाळला असं वाटतं तेव्हाही तो पुरता वाळलेला नसतो. झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून रंगाला फोड येतो. "फोड दिसला तेव्हा आत खेळ आटोपलेला असतो," हे वाक्य नाना ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात गावात फक्त मयताची बातमी सांगतात.

वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उशाशी समुद्र. शत्रू तोलामोलाचा आहे.

नानांच्या लढ्याचं पहिलं पर्व जळक्या ऑइलचं. गॅरेजमधून डबा आणायचा, डिझेलमध्ये पातळ करायचा आणि गाडीच्या पोटाला पंपाने फवारायचा. गंज खरोखर थोपला. पण गाडीखाली झोपणारा पांढरा कुत्रा काळा झाला, तो ज्यांच्या ज्यांच्या ओटीवर जाऊन लोळला त्या ओट्या काळ्या झाल्या, आणि दिवाळीला अंगणातल्या रांगोळीवर ऑइलचा ओघळ आला तेव्हा नानींनी ते पर्व हाताने संपवलं.

दुसरं पर्व झिंकचं. मिरकरवाड्याच्या बंदरात नानांनी वर ओढलेल्या ट्रॉलरच्या पंख्याजवळ बोल्टने आवळलेला झिंकचा ठोकळा पाहिला. झिंक लोखंडाच्या आधी झिजतं, स्वतःला खाऊ घालतं आणि लोखंड वाचवतं. ही युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना मारलेला तांब्याचा पत्रा याच तत्त्वाने वाचवून दाखवला होता. तांब्याला त्याने लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले आणि तांबं खायचं थांबलं. पण तांबं झिजेना तसं त्याचं विषही पाण्यात उतरेना. मग तळाला शेवाळ नि कालवं निवांत चिकटली, जहाजं जडावली, आणि आरमाराने ते तुकडे काढून टाकले. ही गोष्ट सांगणारा ती हसण्यासाठी सांगतो. नाना ऐकून म्हणाले, "पण तांबं वाचलं ना? वेगाचं कोणी विचारलंय?"

या उत्तरात अख्खा माणूस आला.

नानांनी ठोकळा आणून मारुतीच्या पोटाला आवळला. वर्षभराने तो काढून मोठ्या अभिमानाने बंदरावर नेला. कोरा करकरीत! तांडेलाने तो हातात घेऊन उलटसुलट केला. "आमचं झिंक वर्षात संपतं, नाना. तुमचं हे नुसतं बसून पगार खातंय." बोट पाण्यात असते आणि गाडी हवेत, एवढाच काय तो फरक. नानांनी तो मनावर घेतला नाही.

तिसरं पर्व अजून चालू आहे. नानांचा भाचा टोरोंटोला असतो. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, हे त्याने सांगितलं तेव्हा नानांनी फोन कानापासून लांब धरला. "सरकार टाकतं? पैसे खर्चून?" पुढे कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते हेच सांगत होते. आपल्याकडे निसर्ग तरी फुकट नासवतो! त्या मिठाच्या देशात गाड्यांसाठी एक विजेवर चालणारी डबी विकतात. तळहाताएवढी. दोन तारा बॅटरीला, एक-दोन चकत्या पत्र्याला चिकटवायच्या, आणि वर एक हिरवा दिवा, मिचमिचणारा. ही डबी पत्र्याला सूक्ष्म वीज पुरवते आणि गंजाची बॅटरी चालूच होऊ देत नाही, असं तिच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. भाच्याने ती सुट्टीत आणली. नानांनी नवरी उतरवून घ्यावी तशी तिला घरात घेतली, हळदकुंकू वाहिलं आणि बॉनेटखाली बसवली. विजेचा रोग विजेनेच बरा होणार, हे त्यांना मुळातच पटलेलं होतं.

शेजारच्या बिऱ्हाडात पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांना राहवलं नाही. "नाना, विजेने लोखंड वाचवतात हे अगदी खरं. जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनी, समुद्रातल्या धक्क्यांचे खांब, जहाजं, सगळीकडे चालतं. पण तिथे लोखंडाभोवती अखंड ओली माती नाहीतर पाणी असतं. वीज त्यातून फिरून लोखंडात येते. तुमची गाडी हवेत उभी. इथे थेंब, तिथे थेंब. दाराच्या आतल्या थेंबापर्यंत ती वीज जाणार कुठून?"

"बॉडीतून," नाना म्हणाले.

"बॉडीतून जाऊन उपयोग नाही, पाण्यातून यायला हवी."

"मग पावसाळ्यात येईल."

बाईंनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असली डबी विकणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली होती, कारण तिचे दावे सिद्ध होत नव्हते. नानांनी सुपारी कातरून होईपर्यंत विचार केला. "अमेरिकेचं अमेरिकेला. त्यांच्याकडे कोकण आहे का?" आहे की नाही यावर बाईंना पटकन काही सुचलं नाही आणि वाद नानांनी जिंकला.

गाडी मात्र निष्कलंक आहे, हे मान्य करावं लागतं. पंधरा वर्षं भरून नोंदणीच्या नूतनीकरणाला नेली तेव्हा तपासणाऱ्याने तळाचा पत्रा ठोकून पाहिला, मग उगाच पुन्हा ठोकून पाहिला. याचं कारण आम्हा शेजाऱ्यांना रोज दिसतं. गाडी बाहेरून आली की नाना विहिरीच्या गोड्या पाण्याने ती धुतात, वरून कमी आणि खालून जास्त. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की दारात तळं साचतं आणि पत्रा आतून कुजतो. ही भोकं असतात हेच निम्म्या गाडीमालकांना ठाऊक नाही. नाना दर आठवड्याला केरसुणीचा हीर घालून ती मोकळी करतात. पायाखालचे गालिचे उन्हात टाकतात. ओरखडा दिसला की त्याच संध्याकाळी घासून रेड ऑक्साइडचा हात देतात. इतकी सेवा, आणि विचारलं की बोट दाखवणार बॉनेटकडे. "डबी!"

अर्थात ओरखडा यायला गाडी बाहेर पडावी लागते. पावसात ती निघत नाही. पाऊस थांबला तर रस्ते ओले असतात. आरे-वारेचा रस्ता समुद्राला लागून जातो, म्हणून गणपतीपुळ्याला एसटीने. नानी लग्नाकार्याला रिक्षाने जातात आणि येताना मांडवात काय काय झालं ते गाडीजवळ उभ्या असलेल्या नानांना सांगतात. फक्त थंडीत एकदा आंबा घाट चढून नाना कोल्हापूरला जातात. तिथे त्यांचं कोणी नाही. गाडीला कोरडी हवा मिळावी म्हणून जातात. नानींच्या विळीला कधी गंज चढत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी एकदा विचारलं होतं, "तू हिला लावतेस काय?" नानी म्हणाल्या, "नारळ खवते रोज."

गेल्या पावसाळ्यात नानांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशन त्यांनी दिवाळीनंतर ठेवलं, कारण गंजाचा हंगाम मध्ये येत होता. भोकं ते चाचपून शोधायचे. रोज संध्याकाळी बॉनेट उघडून आत बघायचे आणि सांगायचे, "आहे. मिणमिणतोय, पण आहे." ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी सुटली, आणि नाना काळा चष्मा लावून आधी बॉनेटकडे गेले.

दिवा बंद होता.

मेस्त्रींना बोलावणं गेलं. त्यांनी डबी सोडवली, तारा तपासल्या, फ्यूज काढून उजेडात धरला. त्याची पितळी टोपणं कळकून हिरवी झाली होती, आतली तार कधीच गेली होती. "नाना, हा जूनमध्येच गेलाय. खाऱ्या हवेने खाल्ला."

आम्ही सगळे कुंपणापाशी गोळा झालो होतो. बाईही होत्या. कोणी काही बोललं नाही. नाना उकिडवे बसले, गाडीची चारही दारं वाजवून आले, तळाखाली टॉर्च मारून नव्या डोळ्याने सगळा पत्रा न्याहाळला. एक ठिपका नाही.

मग ते उठले आणि बाईंकडे वळले. "बघितलंत? बंद पडली तरी चार महिने असर पुरला. हिला म्हणतात कॅनडाचा माल." आणि असर उतरायच्या आत फ्यूज यायला हवा म्हणून भाच्याला फोन लावायला घरात गेले.