बॅटिंग आहे हो!

पिंपळे गुरवात सोसायटी म्हटली की चार गोष्टी आल्याच: पाण्याचा टँकर, पार्किंगवरून भांडण, गणपती आणि एक अण्णा. अण्णांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. गाव लातूर, धाराशिव, सोलापूर नाहीतर जळगाव. पोटापाण्याला चाकण. वय पन्नाशीच्या पुढे. कर्ज फिटलेलं, शुगर बॉर्डरवर. आता खरं तर माणसानं निवांत व्हावं, पण अण्णांच्या जिवाला घोर आहे. महाराष्ट्राच्या रणजी संघाला बॉलर नाही.

यंदा महाराष्ट्र जिंकेल का, असं अण्णांना कधी विचारू नये. “बॅटिंग आहे हो...” असं ते म्हणतात आणि तो ‘हो’ एवढा लांबवतात की तेवढ्यात संघ साखळीतच बाद होतो.

अण्णा सापडतात सकाळी, सृष्टी चौकात, कंपनीच्या बसची वाट बघताना. एका हातात डबा, दुसऱ्यात अमृततुल्यचा कटिंग. अण्णा इतिहासात शिरले की आणखी एक कटिंग सांगून ठेवावा, कारण ते थेट मार्च १९४९ मध्ये जातात. पुण्यात मुंबईशी सामना. मुंबई ६५१, आपण ४०७. मुंबई पुन्हा ८ बाद ७१४, आपण ६०४. बेरीज २,३७६. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढ्या धावा जगात पुन्हा कधी झाल्या नाहीत. “चौथ्या डावात सहाशे चार केले आणि हरलो,” अण्णा बोटं नाचवतात, “तेही ३५४ नं! दुसऱ्या कुणाला जमेल का?” आवाजात दुःख किती आणि अभिमान किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

आपण रणजी जिंकलो ते दोनदाच, १९३९-४० आणि १९४०-४१, प्रा. दि. ब. देवधर कर्णधार असताना. कुणी तेवढ्यावर खूश होऊ लागला की अण्णा त्याला लगेच जमिनीवर आणतात. त्याच १९४०-४१ मध्ये मुंबईविरुद्ध आपण ६७५ केल्या, पन्नाशीला टेकलेल्या देवधरांच्या त्यात २४६. मुंबईनं उत्तरादाखल ६५० केल्या. आघाडी पंचवीस. मग अण्णा २०१६ च्या ऑक्टोबरात उडी मारतात. वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, दोघांची ५९४ धावांची अभंग भागीदारी, आपला डाव २ बाद ६३५ वर घोषित. पुढे ऋषभ पंतनं एकट्यानं ३०८ चोपल्या, दिल्ली ५९०. आघाडी पंचेचाळीस. “पाऊणशे वर्षांत आपल्या बॉलिंगची प्रगती वीस रनांची,” अण्णा म्हणतात आणि ग्लास खाली ठेवतात.

मोसम मात्र त्यांचा एकच, २०१३-१४. समद फल्ला, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा ही नावं ते देवघरातल्या टाकांच्या क्रमानं घेतात. त्यातही फल्ला अधिक लाडका, डावखुरा म्हणून. तोवर चाळीस वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला वानखेडेवर दुसऱ्या डावात १२९ मध्ये गुंडाळलं, मग केदार जाधव आणि विजय झोलनं २५२ चं लक्ष्य गाठून दिलं. इंदूरला उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ वर आटोपला. मग हैदराबादला अंतिम सामना. कर्नाटक ५१५. इथे अण्णा गप्प होतात आणि नेमकी बस येते. बस आली नसती तरी ते गप्पच राहिले असते.

अण्णांचं सगळं आयुष्य प्रॉडक्शनमध्ये गेलं, त्यामुळे संघनिवडही ते मॅनपॉवरच्या शीटसारखी करतात. परमनंट कोण, कॉन्ट्रॅक्टवर कोण, अप्रेंटिस कोण. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला तेव्हा आमच्याकडच्या धाराशिवकर अण्णांनी पेढे वाटले होते. पण मटेरियल चांगलं असलं तरी ब्रेकडाऊन परवडत नाही, असं म्हणून पेढ्यांचा पुडा संपायच्या आत त्यांनी काळजी सुरू केली. विदर्भाचा रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडून खेळायला लागला, तेव्हा अण्णांना दोन रात्री झोप लागली. याच गुरबानीनं २०१७-१८ च्या रणजी फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली होती. विदर्भानं तेव्हापासून तीनदा करंडक नेला, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. “एकाच राज्यात राहतो आपण,” अण्णा म्हणतात. सख्ख्या जावेनं आधी फ्लॅट घेतल्यावर बाई ज्या सुरात बोलते, तो हा सूर.

समोरच्या विंगमधला मुलगा बोस्टनला असतो. व्हिडिओ कॉलवर त्यानं सांगितलं की बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर एक सामना टाकतो आणि पुढचे चार-पाच दिवस आराम करतो. म्हणून संघात असे पाच लागतात, आणि त्या पाचांवरूनच तिकडचे लोक संघ किती लांब जाईल ते ठरवतात. अण्णा हरखले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समविचारी देश भेटला होता. “पाच! आणि आपल्याकडे चार दिवस टाकायचं, मध्ये जेमतेम तीन-चार दिवस, की पुन्हा चार दिवस. आहेत किती? दीड.” अर्धा कोण, हे त्यांनी आजवर उघड केलेलं नाही. कधी कधी तो अर्धा स्पिनर असतो.

तंत्राची बाजूही कच्ची नाही. एकदा फळगाडीवरची मोसंबी उचलून त्यांनी शिवण उभी कशी धरायची, मनगट मागे कसं हवं, पहिलं बोट शेवटी कसं सुटतं, हे शिकवायला घेतलं. समोर मी, रिक्षावाला आणि फळवाला. आउटस्विंगरची पकड झाली, इनस्विंगरची झाली. फळवाला म्हणाला, “काका, घ्यायची असेल तर घ्या, दाबू नका.” अण्णांनी अर्धा किलो घेतली.

आता थोडं आमच्या वस्तीबद्दल. ऋतुराज गायकवाड आपल्या पिंपरी-चिंचवडचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे स्पर्धेत त्यानं उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, त्यातला एक नो-बॉलवर. पुढच्या रविवारी पिंपळे गुरवातल्या प्रत्येक ॲक्टिवाच्या पायदानावर किटबॅग उभी दिसली. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आपण ३५० केल्या आणि आसामनं ३३८ पर्यंत घाम काढला, फायनल सौराष्ट्रानं नेली, हे अण्णांशिवाय कुणाच्या लक्षातही नाही. बाप मुलाला बॅट घेऊन देतो, हेल्मेट घेऊन देतो, पॅड घेऊन देतो. ‘माझा पोरगा दिवसाला पंधरा षटकं टाकतो’ असं सांगणारा बाप मी या भागात पाहिलेला नाही. अकादमी काढणारे वेंगसरकरही शेवटी बॅट्समनच.

टर्फवर तेच. रात्री दहाचा स्लॉट, सहा-सहा षटकांचा सामना. सगळे आधी बॅटिंगला नाव देतात आणि बॉलिंगची वेळ आली की प्रत्येकाला एखादा फोन येतो.

“अण्णा, तुमचा धाकटा काय खेळतो?” मी एकदा विचारलं.

“ओपनर आहे,” अण्णा म्हणाले आणि घाईघाईनं पंतच्या ३०८ वर गेले.

परवा मात्र नवल घडलं. पार्किंगमध्ये पोरं टेनिस बॉलनं खेळत होती. वॉचमनचा मुलगा, तेरा-चौदा वर्षांचा, डावखुरा, खांबापासून धावत येऊन टाकत होता. चेंडू पडून आत येत होता, आणि पोरं एकामागून एक मीटरच्या पेटीसमोरून परत जात होती. अण्णा जिना उतरता उतरता थबकले. तीन चेंडू पाहिले, चौथ्याला डबा खाली ठेवला. डोळ्यांत समद फल्ला.

“बाळा, इकडे ये. कुठं शिकलास?”

“कुठंच नाही काका.”

“रोज टाकतोस?”

“टाकावं लागतं. बॅट यांची आहे.”

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अकादमीची फी, लेदर बॉल, सकाळचं दूध, सगळं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. गहुंज्याच्या स्टेडियमपर्यंतची योजना झाली. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं, मग ओपनरच्या हातून बॅट काढून घेतली.

“पण काका, आता मी सगळ्यांना आउट केलंय. आता माझी बॅटिंग.”

“मग बॉलिंग कोण टाकणार?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून अण्णांकडे. एकानं चेंडू पुढे केला. अण्णांनी आधी खांदा चोळला, मग घड्याळ बघितलं. सेकंड शिफ्टची बस यायला अजून चाळीस मिनिटं होती. तरी ते निघाले.