आधी घमेलं, मग माईक

एप्रिल उजाडला की शहराशहरांत उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. नृत्य, स्केटिंग, रोबोटिक्स, इंग्रजी संभाषण, आणि आता त्यात 'नेतृत्व विकास'ही आला. सकाळचे तीन तास, गार हवेचं सभागृह, समोर जोरात बोलणारा एक वक्ता. शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्र. मूल जसं जातं तसंच दुपारी जेवायला घरी येतं आणि ताट तिथेच ठेवून उठतं.

अशानं नेतृत्व घडत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पुढे होऊन चार माणसं सांभाळायला शिकवायचं असेल, तर त्याला आठवडाभर घराबाहेर मुक्कामाला न्या. लोकांना खरोखर हवं असलेलं काम त्याच्या हातात द्या. आणि ते काम ज्याला त्याच्यापेक्षा चांगलं येतं, अशा माणसाच्या हाताखाली त्याला उभं करा. माईक त्यानंतर.

हे काही मला आज सुचलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती भरते मे महिन्यात. विदर्भातला मे ज्यानं सोसला आहे त्याला या निवडीतला कठोरपणा समजावून सांगायला नको. पहाटे उठायचं, ऊन चढण्याआधी कुदळ-फावड्याचं काम उरकायचं, दुपारी जाणत्या माणसांचं ऐकायचं, त्यांच्याशी वाद घालायचा, रात्री गाणी म्हणायची. आणि हे सगळं कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या वसाहतीत. ज्यांना घरानं आणि गावानं बाहेर काढलं, त्यांनी स्वतःच्या हातांनी जमीन कसून पिकवलेलं अन्न शहरातून आलेल्या तरुणांच्या ताटात पडतं.

छावणीचं सगळं बळ इथे आहे. सेवा करायला म्हणून आलेल्याला पहिल्याच पंगतीत कळतं, की आपण इथे पाहुणे आहोत आणि यजमानाला आपल्यापेक्षा जास्त काम येतं. उपकार करत असल्याची भावना तिथेच गळून पडते. ती गळल्याशिवाय कुणालाही पुढारी होऊ देऊ नये.

१९८५च्या डिसेंबरात बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली. बाबांनी सत्तरी ओलांडली होती, पाठीच्या दुखण्यानं त्यांना बसताही येत नव्हतं. तरी शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकली घेऊन निघाले. एका भाषणानं अशी फळी उभी राहत नाही. आधी एकत्र माती उचललेली असावी लागते.

पुढे १९९०मध्ये हेच बाबा वरोऱ्याजवळचं आपलं आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला, नर्मदेच्या काठी राहायला आले. म्हणजे आपल्या धार जिल्ह्याच्या समोरच्या तीरावर. माळव्या-निमाडातल्या मराठी घरांनी हा वारसा वरोऱ्याचा किंवा चंद्रपूरचा म्हणून लांब ठेवू नये. तो आपल्या अंगणापर्यंत चालत आला होता.

देशालाही एकदा हे सुचलं होतं. १९५९ साली नेमलेल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीनं सरकारला सांगितलं, की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी. खर्च आणि अंमलबजावणीची अडचण यांमुळे ती शिफारस बाजूला पडली. दहा वर्षांनी, गांधी जन्मशताब्दीच्या काळात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात झाली. आज ती अकरावी-बारावीपर्यंत पोचली आहे. वर्षाला १२० तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा नेम.

म्हणजे वर्षभरावरून आपण सात दिवसांवर आलो. मला सक्ती नको आहे. सक्तीनं धरलेलं फावडं मातीत शिरत नाही. पण हे सात दिवस तरी प्रामाणिकपणे वापरा, एवढं मागायचा हक्क आपल्याला आहे.

कार्यक्रम अधिकारी मनापासून काम करणारा असेल, तर त्या गावातली माणसं वर्षानुवर्षं त्याचं नाव घेतात. नसेल, तर अर्धा दिवस उद्घाटनात जातो, अर्धा समारोपात. मध्ये प्रभातफेरी, घोषणा, एक पथनाट्य. आदल्या संध्याकाळी गावातल्या बायांनीच झाडलेल्या रस्त्यावर सकाळी पुन्हा झाडू फिरतो आणि फोटो निघतो. तुम्हाला काय हवं आहे, हे गावाला कुणी विचारलेलंच नसतं. अशा शिबिरातून मुलं एकच गोष्ट शिकतात, काम केल्याचं दाखवता येतं. हे शिकलेला मुलगा पुढे नगरसेवक झाला तर काय करेल, ते मी सांगायला नको.

आता देवासकडे या. इथे काम शोधत फिरावं लागत नाही.

२५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून ५० टँकर पाणी घेऊन रेल्वेगाडी देवासला आली. मंत्र्यांच्या उपस्थितीत ढोल-नगारे वाजवून तिचं स्वागत झालं. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३च्या पुस्तकात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे, आणि तिचं कारणही. त्याआधीच्या तीसेक वर्षांत शहरातली लहानमोठी तळी बुजवली गेली, त्यांवर घरं आणि कारखाने उभे राहिले, आणि मग लक्षात आलं की या घरांना आणि कारखान्यांना द्यायला पाणीच उरलेलं नाही. पावलोपावली पाणी म्हणून ज्याची ख्याती, त्या माळव्यात पाणी रुळांवरून आणावं लागलं. ही गोष्ट देवासच्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

तिच्या पुढचा भागही सांगितला पाहिजे, कारण तो अभिमानाचा आहे. कूपनलिका खोल खोल नेऊन शेतकरी कर्जात रुतत चालले होते. २००६पासून देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्द भागात त्यांनी वेगळी वाट धरली. आपल्या जमिनीचा एक हिस्सा पिकाऐवजी पाण्याला दिला आणि त्यात तळं खोदलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव या मोहिमेमागे उभे राहिले. खोदणारा शेतकरी 'भगीरथ कृषक' ठरला आणि त्याचं तळं 'रेवासागर'. जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. कसती जमीन पाण्याखाली घालायला केवढी छाती लागते, हे शेतकऱ्याच्या पोरालाच विचारा.

नेतृत्वाचा वर्ग घ्यायला हा तळं खोदणारा शेतकरी बोलवा. नव्हे, मुलांना त्याच्याकडे घेऊन जा. पहिला खड्डा खोदताना शेजारी काय म्हणाले, घरात कोण रुसलं, बँकेत किती खेटे घातले, पहिल्या पावसात पाणी थांबलं तेव्हा काय वाटलं, हे त्याच्या तोंडून त्याच्याच बांधावर बसून ऐकू द्या.

आणि अशा तळ्यावरच्या शिबिराला मे महिनाच का? कारण तळ्याचा तळ उघडा पडतो तो मे महिन्यात. गहू-हरभरा घरात आलेला असतो, सोयाबीनची पेरणी जूनच्या पावसावर, म्हणून शेतकऱ्याला थोडी उसंत असते ती मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते तीही मे महिन्यातच. तळं, शेतकरी आणि मूल या तिघांनाही एकाच वेळी सवड मिळते असा दुसरा महिना वर्षात नाही. तो आपण सभागृहात घालवतो.

कुणी म्हणेल, तीस पोरं आठवड्यात जेवढा गाळ काढतील तेवढा जेसीबी सकाळच्या चहाआधी काढतो. खरं आहे. गाळ जेसीबीलाच काढू द्या. पण तळ्यात पाणी आणणारा चर मोकळा करणं, सांडव्यातली झुडपं काढणं, बांधाचे निसटलेले दगड पुन्हा बसवणं, गावातल्या प्रत्येक विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजणं आणि वहीत लिहिणं, ही कामं हातांचीच आहेत. ती राहून जातात म्हणून चांगली तळी पाच-सात वर्षांत निकामी होतात.

महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत हा क्रम नीट पाळला. आधी प्रत्येक गावातल्या निवडक माणसांना मुक्कामी प्रशिक्षण, मग त्या गावाचं श्रमदान, आणि शहरातले जलमित्र आले ते गाव कामाला लागल्यावर, गावाच्या हाताखाली. हाच क्रम मुलांच्या शिबिरालाही हवा.

आता मुक्कामाचं. दिवसाचं शिबिर पुरत नाही, कारण माणूस कळतो तो रात्री आणि पहाटे. दहाजणांची टोळी करा, टोळीप्रमुख रोज बदला. ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी त्यानं पहाटे सगळ्यांना उठवायचं, घमेली-फावडी मोजून घ्यायची, कुणाला ऊन लागलं तर सावलीत बसवायचं, रात्री हिशेब लिहायचा. तो घमेली मोजायला विसरला तर काम अडेल आणि नऊजण त्याच्याकडे बघतील. त्या नजरेतून जे शिकायला मिळतं ते व्याख्यानातून मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नव्या प्रमुखाचं मुकाट्यानं ऐकायचं. काल हुकूम देणाऱ्यानं आज ऐकणं, हा या शिक्षणाचा अर्धा भाग आहे. संडास सफाईची पाळीही सगळ्यांना, अपवाद नाही.

मुलींचा प्रश्न सरळ बोलू. मुलगा ट्रेकला चार रात्री गेला तर घरात कौतुक होतं, मुलीनं दोन रात्री मागितल्या तर घर गप्प होतं. पालकांची काळजी खोटी नाही. तिच्यावर उपाय व्यवस्थेचा आहे, बंदीचा नाही. मुलींसाठी वेगळी निवास-व्यवस्था, दाराला कडी असलेले संडास-न्हाणीघर, पूर्णवेळ मुक्कामी राहणाऱ्या दोन तरी जबाबदार स्त्रिया, प्रत्येक कार्यकर्त्याची आधी चौकशी, रोज ठरलेल्या वेळी घरी फोन. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२चा कायदा शिबिराच्या मांडवातही लागू असतो, हे आयोजकांनी पहिल्या दिवशी मोठ्यानं सांगावं. एवढं जमत नसेल तर शिबिर भरवू नये. जमत असेल तर मुलींना अडवू नये. पाण्याचे हंडे वाहायला गावोगाव त्याच असतात. पाण्याचा निर्णय घ्यायला शिकण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

आणि शेवटची अट, जी जवळपास कुणीच पाळत नाही. परत जायचं. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, त्याच मुलांनी त्याच गावी जाऊन त्याच विहिरी पुन्हा मोजायच्या. मे महिन्यातला आकडा आणि दिवाळीचा आकडा शेजारी शेजारी लिहायचा. पाणी वाढलं नसेल तर का नाही, हे गावाला विचारायचं. ज्या शिबिराला दुसरी भेट नाही, त्याला मी सेवा म्हणणार नाही.

देवासच्या, इंदूरच्या, धारच्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. १७२८च्या सुमारास पवारांची थोरली आणि धाकटी पाती देवासला राज्य करायला आली. तेव्हापासून आपली घरं या मातीचं पाणी पितात. गणेशोत्सव आपण थाटात करतो, संगीताच्या मैफली करतो, ते करत राहू. त्यांच्या जोडीला मे महिन्यात एक शिबिर घ्या. तीस मुलं, निम्म्या मुली, सात रात्री, एक गाव. पुण्या-मुंबईहून आजोळी आलेली नातवंडंही त्यात घ्या आणि गावातली पोरंही बरोबरीनं घ्या. काम गावानं सांगितलेलं असू द्या. फलक लावू नका, पाहुणे बोलावू नका, प्रमाणपत्रं छापू नका. तो पैसा घमेल्यांना आणि जेवणाला लावा.

पालकांनो, अकरावीचा क्लास सात दिवस थांबेल. गाव निवडायला मार्च महिना पुरे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा.