सी मारू, डी ठेवू

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. एवढ्या मोठ्या गावात झेरॉक्स, सातबारा, पीकविमा आणि लग्नपत्रिका एकाच पत्र्याखाली मिळण्याची सोय असते, आणि तिथला कॉम्प्युटर बसला की ज्याला फोन जातो असा एक इसमही असतो. गाव त्याला इंजिनिअर म्हणतं. पदवी कुणी विचारत नाही. पीकविम्याची शेवटची तारीख असली की त्याचा मान तलाठ्यापेक्षा वाढतो. तो येतो, डब्यातली धूळ फुंकतो, बटण दाबतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन थांबतात, पुढे विंडोज काही येत नाही. मग एकच सवाल: "पेन ड्राइव्ह कुणाचा लावलता?" मालक मराठीत आठवू लागतो, गिऱ्हाईक कन्नडात हात झटकतं, आणि तोवर याचा निकाल लागलेला असतो: "व्हायरस हाय. फॉरमॅट मारावं लागतंय की." शिकलेली मंडळी यावर हसतात; दुखणं कुठलंही असो, बाटली एकच, म्हणतात. पण याचं निदान बरोबर आहे आणि औषधही बरोबर आहे. बिघडतं ते पथ्यावर, आणि ते पाळायचं काम आपलं असतं.

पुरावा बघा. जुन्या पद्धतीचा कॉम्प्युटर चालू झाला की डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट आधी वाचतो आणि तिथे लिहिलंय तसं पुढे जातो. तिथे दुसरंच कुणी बसलं असेल, तर विंडोज जागं होण्याआधीच सत्ता त्याच्या हातात. ही जागा व्हायरसवाल्यांनी फार लवकर हेरली. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांचा 'ब्रेन' फ्लॉपीच्या अशाच जागी बसला, आणि १९९० साली भारतात सापडला तो चक्क 'जोशी'. हा दर ५ जानेवारीला मशीन अडवायचा आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करून घेतल्याशिवाय सोडायचा नाही. इतक्यावर भागलं, कारण तो काळ सभ्य होता. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' आला, त्याने डिस्कची सुरुवातच बदलली, वर डिस्क दुरुस्त होत असल्याचं खोटं नाटक दाखवत फायलींची मुख्य यादी कुलपात घातली. त्या तडाख्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि न्हावाशेवा बंदरात ती चालवत असलेल्या टर्मिनलचं कामही अडलं.

यावर जाणकार म्हणतात, पहिला भाग तेवढा दुरुस्त केला की मशीन चालू होतं. सगळं पुसायचं कशाला? वीज जाऊन बिघडलं असेल तर त्यांचं खरं आहे. पण घरात चोर शिरल्यावर दार बसवलं म्हणून चोर गेला असं होत नाही. मशीन चालू न होणं हे फक्त दिसलेलं नुकसान. आत आणखी काय बदललंय हे यादी करून सांगता येत नाही. मर्स्कनेही जुळवाजुळव केली नाही. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच दावोसमध्ये सांगितलं. आपला इंजिनिअर हेच करतो. फक्त त्याला दावोसला कुणी बोलवत नाही.

दुसरा आक्षेप मालकाचा, आणि तो रडवेला असतो: "माझं सगळं त्यात हाय!" मग ठरलेली तडजोड होते. सी मारू, डी ठेवू. मालकाचा जीव भांड्यात पडतो, आणि तासाभराने कळतं की सगळं डेस्कटॉपवर होतं व डेस्कटॉप म्हणजेच सी. मराठीचे जुने फॉन्टही त्याच्याबरोबर गेलेले असतात, त्यामुळे डीमधली लग्नपत्रिका उघडली की वधूपित्याच्या नावाजागी इंग्रजी अक्षरं आणि कंस उभे राहतात. ही झाली निम्मी गंमत. खरी गंमत अशी की व्हायरस बऱ्याचदा डीमध्येही असतो. रडून वाचवलेल्या डीवर मालक लाडाने दोनदा क्लिक करतो, आतलं एखादं बाधित सॉफ्टवेअर चालवतो, आणि पाहुणा नव्या घरात परत. चार दिवसांनी बोल मात्र इंजिनिअरला: "फॉरमॅट मारूनबी आलाच की!"

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो खरा आहे. हा ज्या पेन ड्राइव्हने विंडोज घालतो, तोच दिवसभर दहा मशीनना टोचून आलेला असतो, आणि त्यातली फुकटची विंडोज 'पक्की' करणारी फाईल आधी अँटिव्हायरस बंद करायला लावते. पण अस्सल विंडोजची किंमत ऐकून "तेवढ्यात दुसरा कॉम्प्युटर येतोय" असं म्हणणारे आपणच. त्याने अप्रामाणिकपणा केला खरा, पण आपल्या ऑर्डरप्रमाणे.

तेव्हा पथ्य एकच: कामाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायची आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवायची. मर्स्कचीसुद्धा सगळ्या यंत्रणेची चावी असलेली एकच प्रत वाचली होती, तीही घानाच्या ऑफिसात त्या वेळी वीज नव्हती म्हणून. वीज जाण्यात आपण घानाला हार जाणार नाही, पण नेमकी व्हायरसच्या मुहूर्तावर ती जाईल याची हमी महावितरण देत नाही. प्रत असली की सीबरोबर डीही बेधडक पुसता येईल आणि रोग मुळासकट जाईल. हे इंजिनिअरला पुरतं ठाऊक असतं. म्हणूनच "एक डिस्क घेऊन ठेवा" असं तो एकदा सांगतो. पुन्हा आठवण करून देण्याइतका तो धंद्यात कच्चा नसतो.