अडीचशेची रेघ

खेडच्या बाजारपेठेत मला ओळखत नाही असं मेडिकलचं दुकान नाही. म्हणून भर पावसात, रेनकोट आणि हेल्मेट चढवून मी भरणे नाक्यावर गेलो. काउंटरवर घसा खाकरला, "ते... घरच्या घरी बघायचं..."

"प्रेग्नन्सी किट ना, सर?" आतला पोरगा म्हणाला. "हेल्मेट काढा की. मी दहावी ब. तुमच्याच वर्गातला." खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या आजोबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "५० चं देऊ की २५० चं?"

विद्यार्थ्यासमोर स्वस्तातलं मागायची लाज वाटली आणि एकट्या महागड्यावर विसंबायची छाती झाली नाही. दोन्ही घेतली.

दोन्हींचं काम एकच. गरोदरपणात एचसीजी नावाचं संप्रेरक वाढतं. ते पट्टीवरच्या प्रतिपिंडांनी धरलं की दुसरी रेघ उमटते. पहिली रेघ नुसती पट्टी चालू असल्याची पावती. हे मला पाठ; मी विज्ञान शिकवतो.

सकाळी ५० च्या कार्डावर एकच रेघ. २५० च्या पेनावरही एकच. बायको चहा ठेवायला गेली. मी मात्र पैसे वसूल करायला पेन खिडकीशी नेलं, चष्मा पुसला, अंघोळ उरकून पुन्हा पाहिलं. दुसरी रेघ! राखाडी, पुसट, पण रेघ.

"आई!" मी ओरडलो. इथे सगळं हातातून गेलं.

आईने देवापुढे नारळ ठेवला आणि विरारला काकीला फोन लावला. तोवर बायकोने माझ्या रेनकोटच्या खिशातलं भिजलेलं माहितीपत्रक उलगडलं होतं. निकाल ठरल्या मिनिटांतच बघा, नंतरचा धरू नका. ओल सुकताना खोटी रेघ दिसू शकते. प्रयोगवहीत वेळ लिहिली नाही म्हणून पोरांचे मार्क कापणारा तो मीच.

"पण अडीचशेचं खोटं कसं बोलेल?"

तिने काही न बोलता अडकित्ता आणला आणि पेन फोडलं. आत कागदाची चिंचोळी पट्टी. कार्ड फोडलं, आत तशीच पट्टी. वरचे दोनशे रुपये प्लास्टिकच्या मुठीचे होते.

१९६७ मध्ये अमेरिकेत मार्गारेट क्रेन या डिझायनर बाईंनी पेपरक्लिपच्या डबीवरून घरगुती चाचणीचा पहिला नमुना बनवला. हेतू हा, की बाईला आपली बातमी एकांतात, सगळ्यांआधी कळावी. आमच्याकडे ती तिच्याआधी विरारला पोचली.

संध्याकाळी आशाताई दारात. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून सरकारी 'निश्चय' किट काढलं, फुकटचं. "आठवड्याने करा. घाई केली की कुठलंच किट धड सांगत नाही. आणि सरांना बघायला देऊ नका."

आठवड्याने त्यावरही एकच रेघ आली. दोन दिवसांनी पाळीही.

गणपतीला काकी आली ती लोकरीचं झबलं घेऊन. किटच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, झबल्यावर नसते. बायकोने ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आहे, माझा हात पोचणार नाही अशा बेताने.